ऐंशीला थरथरणारी गाडी

मुलांनो, जरा कल्पना करा. मे महिना आहे. सकाळचे सहा वाजले आहेत, म्हणून नागपूरचं ऊन अजून अंगावर धावून आलेलं नाही. तुम्ही गाडीत मागच्या सीटवर खिडकीशी बसला आहात. मांडीवर डबा आहे, डब्यात पुऱ्या आणि आलूची भाजी. अडीच-तीन तासांनी नवेगावच्या तलावाच्या काठावर बसून तो डबा उघडायचा आहे. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे गाडीला कालच नवी चाकं लागली आहेत. काळेभोर टायर आणि आत चांदीसारखी चमकणारी अलॉयची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाकं!

भंडारा रोड मोकळा आहे. वेगाचा काटा साठवर जातो. मग सत्तरवर. सगळं छान. आणि ऐंशीला...

"अरे, हे काय!"

ओरडली ती मायाची आई, प्रेमलताबाई मेश्राम. त्या रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स होत्या. इंजेक्शन देताना त्यांचा हात जितका स्थिर असे, तितकाच गाडी चालवतानाही असे. पण आता त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत थरथरत होते. खरं तर हात नाही, हातातलं स्टेअरिंग थरथरत होतं.

"आत्या, गाडीला थंडी वाजून राहिली!" दहा वर्षांचा प्रीतम म्हणाला.

"मे महिन्यात? नागपुरात? पागल झाला का बे!" शेजारचा गोलू त्याच्या डोक्यात टपली मारत म्हणाला.

पुढे बसलेला रोहितमामा, म्हणजे प्रीतमचे बाबा, जरा ओशाळून हसला. ही चाकं त्यानेच हौसेने मोबाइलवरून मागवून बहिणीला भेट दिली होती. "नवी आहेत ना ताई. रुळतील हळूहळू."

आईने वेग कमी केला. साठला थरथर गेली. पुन्हा ऐंशी केला. पुन्हा स्टेअरिंग थडथड करायला लागलं!

"रुळेपर्यंत पोरांना घेऊन मी हायवेवर जाणार नाही," आई म्हणाली आणि पुढच्या वळणावरून तिने गाडी माघारी फिरवली.

नवेगाव गेलं! तलाव गेला! पुऱ्या मौद्याच्या अलीकडे एका टपरीवर, चहाच्या वासात खाव्या लागल्या. गोलूने आठ खाल्ल्या, पण तोंड पाडून.

मागच्या सीटवर तिसरी एक जण होती, ती मात्र जेवलीच नाही. ती माया. सातवी संपवून आठवीत जाणारी, आणि या टोळीची पुढारी. तिच्या पिशवीत कायम एक वही असे आणि डोक्यात कायम एखादा संशय.

"मला माहीत आहे काय झालंय ते," ती म्हणाली. "त्या टायरवाल्या काकांनी बॅलन्सिंगच नीट केलं नाही!"

बॅलन्सिंग म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. कुठलंही चाक सगळ्या बाजूंनी अगदी सारख्या वजनाचं नसतं. एखादी बाजू चिमूटभर जड असतेच. हळू चालताना ते कळत नाही. पण वेगात तीच चिमूट चाकाला हादरे देते. म्हणून चाक मशीनवर फिरवतात आणि हलक्या बाजूला आतून वजनाचे छोटे तुकडे चिकटवतात. मायाने हे सगळं एका व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणजे तिचा संशय काही वेडगळ नव्हता. चूक झाली ती पुढे.

लकडगंजात केशवशेठचं टायरचं दुकान होतं. रविवार असल्याने तिथे गर्दी होती. एका बाजूला एक कार जॅकवर चढलेली, दोन मोटारसायकली रांगेत, आणि बाकावर पाच-सहा माणसं. बळीराम काका खाली बसून नट कसत होते. पांढऱ्या मिशा, खाकी शर्ट, आणि तीस वर्षं टायर उचलून घट्टे पडलेले हात. शनिवारी मायाच्या गाडीची चाकं त्यांनीच बसवली होती.

आई गाडी लावते न लावते तोच माया उतरली आणि थेट त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, तुम्ही बॅलन्सिंग केलंच नाही!"

बाकावरच्या माना वळल्या.

"केलं होतं पोरी," बळीराम काका शांतपणे म्हणाले.

"मग गाडी ऐंशीला थरथरते कशी? आम्ही मेलो असतो ना हायवेवर! लोक तुमच्या भरवशावर गाडी देतात, आणि तुम्ही नुसते नट कसून मोकळे!"

"माया!" आईने दटावलं. पण शब्द निघून गेले होते. बाकावरचा एक माणूस उठला, दुसऱ्याला म्हणाला, "चाला भाऊ, दुसरीकडे पाहू." दोघंही आपल्या मोटारसायकली घेऊन निघून गेले.

केशवशेठ गल्ल्यावरून बाहेर आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बळीराम! काय करून ठेवलं गा तू?"

काकांनी जॅक ओढला. नव्या चाकांपैकी पुढचं एक उतरवून मशीनवर चढवलं आणि फिरवलं. पडद्यावर आकडा आला: शून्य. मग दुसरं, तिसरं, चौथं. चारही शून्य! एकाही चाकात चिमूटभरदेखील फरक नव्हता.

"मग तुमचं मशीनच बिघडलं असेल!" माया म्हणाली.

गोलू खुदकन हसला. तुमच्यापैकी कोणाला वाटेल की आता काका चिडले असतील. नाही. त्यांनी खिशातल्या फडक्याला हात पुसले आणि मायाच्या वहीकडे बोट दाखवलं.

"लिहायला आणली ना? मंग लिही. गाडी सांगून राहिली असते, आपण ऐकत नाही. ब्रेक मारला का थरथर वाढते?"

"नाही," आई म्हणाली.

"म्हणजे ब्रेकची तबकडी चांगली. गाडी एका बाजूले ओढते?"

"नाही."

"म्हणजे अलाइनमेंट चांगलं, चाकं सरळ हायेत. सीट हालते का स्टेअरिंग?"

"स्टेअरिंगच. सीट अगदी थोडी."

"म्हणजे पुढच्या चाकाकडे पाहा." काकांनी मिशीवरून हात फिरवला. "जुनी चाकं कुठं हायेत?"

"घरी, गच्चीवर!" प्रीतम म्हणाला.

"उद्या घेऊन या. जुनी लावून पाहू. थरथरली तर गाडी चोर. नाही थरथरली तर नवी चाकं चोर."

मायाने सगळं लिहून घेतलं. खरं तर तिला हे फार आवडलं होतं. पण ज्यांच्यावर आपण ओरडलो त्यांच्याचकडून शिकायचं, हे तिला जरा अवघड गेलं. "थँक्यू" हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथूनच परत गेला.

सोमवारी जुनी चाकं लागली. आई काकांना शेजारी बसवून आउटर रिंग रोडवर गेली. मागे टोळी होतीच. गोलूने पाण्याची अर्धी भरलेली बाटली पुढे काचेखाली आडवी ठेवली होती, थरथर डोळ्यांनी दिसावी म्हणून! ऐंशी झाले. पंच्याऐंशी झाले. पाणी जागचं हललं नाही.

"गाडी चोर नाही!" प्रीतम ओरडला.

"आणि नवी चाकं मशीनवर शून्य," माया वहीत बघत म्हणाली. "तीही चोर नाहीत. मग..." ती थांबली. तिने पेन्सिलीचं टोक चावलं. "काका, गाडी चांगली आणि चाकं चांगली. मग चूक दोघांच्या मधे असेल! जिथे चाक गाडीला लागतं तिथे!"

बळीराम काका मागे वळून पाहतच राहिले. मग एवढे हसले की मिशा कानापर्यंत गेल्या. "शाब्बास! माह्या तीस वर्षांत कोण्या गिऱ्हाइकानं हे सांगितलं नव्हतं!"

मायाची मान ताठ झाली. ही शाबासकी लक्षात ठेवा. पुढच्या अर्ध्या तासात ती तिला जाळायला लागणार आहे.

दुकानात परत आल्यावर काकांनी चाक काढलं आणि मुलांना जवळ बोलावलं. रोहितमामाही येऊन पोचला होता.

"हे पाहा. याले हब म्हणतात. गाडीचं चाक याच्यावर बसते. याच्या मधात हा गोल उंचवटा आहे ना? जुन्या चाकाचं मधलं भोक बरोबर याच्या मापाचं आहे. घट्ट बसते, म्हणून चाक आपोआप मधोमध राहते. आता नवं चाक पाहा."

त्यांनी नवं चाक हबला टेकवलं. मधलं भोक मोठं होतं. उंचवट्याभोवती गोल फट राहिली होती.

"चाक केसभर वर बसलं, नाही तर केसभर खाली, तरी नट कसले जातात. दिसत नाही. पण फिरताना ते वाकडंच फिरते. मशीनवर मात्र चाक शंकूवर बसते, तिथं ते मधोमधच असते. म्हणून मशीन शून्य दाखवते."

"मशीनही खरं बोलत होतं!" गोलू म्हणाला.

"हो. ही फट भरायले एक रिंग येते. प्लास्टिकची, काळी, पातळ. डब्यातच असते चाकासंगं. म्हणून तर मी शनिवारी विचारलं होतं, डब्यातलं सगळं आणलं ना?"

"सगळं आणलं होतं!" मामा म्हणाला. "थांबा, मी कंपनीलाच विचारतो."

मामा फोनवर बोलत होता. मायाला मात्र काही ऐकू येत नव्हतं. ती त्या फटीकडे बघत होती. एवढी रुंद. एवढी गोल. तिच्या कानांच्या पाळ्या एकदम तापल्या.

बुधवारी चार बॉक्स घरी आले होते. मेश्रामांच्या घरात एक नियमच होता: आलेलं पार्सल मुलांनी उघडायचं, कारण फोडायच्या फुग्यांचं प्लास्टिक त्यांच्या हक्काचं. मामा दुपारी कूलरसमोर झोपला होता. टोळीने चारही बॉक्स उघडले, फुगे फोडले, आणि चाकं होती तशी परत ठेवली. प्रत्येक बॉक्समध्ये एक छोटी पिशवी होती. पिशवीत एक कागद आणि एक काळी गोल प्लास्टिकची...

"पॅकिंगचं असेल," असं म्हणाली होती ती मायाच. आणि त्याच संध्याकाळी गल्लीत त्यांनी जत्रेतल्यासारखा खेळ मांडला होता. कोल्ड्रिंकच्या बाटल्या उभ्या करायच्या, लांबून रिंग फेकायची, जो बाटलीच्या गळ्यात घालेल त्याला संत्रा बर्फी!

शनिवारी काकांनी विचारलं, "डब्यातलं सगळं आणलं ना?" तेव्हा मामाने मागे वळून मायाकडे पाहिलं होतं. आणि मायाने मान डोलावली होती. अगदी मनापासून!

"कंपनी म्हणते, प्रत्येक बॉक्समध्ये रिंग टाकलेली आहे," मामाने फोन ठेवला. "हा बघा, फोटोही पाठवला."

फोटोत काळी रिंग होती. प्रीतमने फोटो पाहिला, मग मायाकडे पाहिलं. त्याचे डोळे बशीएवढे झाले. मायाने त्याच्या पायावर पाय दिला.

"म्हणजे इथंच हरवल्या!" केशवशेठचा आवाज चढला. "बॉक्समधून चाकं कोणी काढली? तू! काल तुझ्यापायी दोन गिऱ्हाइकं परत गेली, सगळ्या लकडगंजात बोभाटा झाला. आता माझ्या दुकानातून सामान गायब होते म्हणतील!"

"शेठ, रिंगा नव्हत्याच," काका म्हणाले. "मी तुम्हाले सांगितलं होतं, भोक मोठं दिसते. तुम्ही म्हणाले, चालते, कस आणि सोड, रांग लागली."

"मला उलटं बोलतो? उद्या येऊन आपली अवजारं घेऊन जा!"

काकांनी जुनं चाक उचलून परत गाडीला लावलं. नट एकेक करून, समोरासमोरचे, नेहमीच्या पद्धतीने कसले. त्यांचा हात जराही हलला नाही.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच मायाने सांगायला हवं होतं. बरोबर आहे. मीही तेच म्हणतो. पण ज्या जिभेने काल एवढ्या लोकांसमोर दणादण आरोप केले, ती आज टाळूला चिकटली होती. आणि निघताना मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काही म्हणा, चोर शोधला तो आमच्या मायाने! हुशार आहे पोरगी!"

मायाला वाटलं, आपण त्या फटीतून आत जाऊन नाहीसं व्हावं.

संध्याकाळी गोलूच्या अंगणात तिघं बसली. भिंतीवरच्या खिळ्याला रिंगा लटकत होत्या. फक्त तीन.

"नाग नदीत फेकून देऊ," गोलू कुजबुजला. "कोणाले कळणार बे?"

"मले कळलं ना," माया म्हणाली.

"काहून एवढी घाबरतं? कंपनी नव्या पाठवेल."

"कंपनी रिंगा पाठवेल. बळीराम काकांना कामावर परत पाठवेल का?"

गोलू उठला. त्याने खिळ्यावरून रिंगा काढल्या, सदऱ्याने पुसल्या आणि तिच्या हातात दिल्या. "चौथी श्वेतीकडे आहे. खरं सांगतो, ते सोपं नाही."

श्वेता ही गोलूची पाच वर्षांची बहीण. बुधवारी तिने रिंग बाटलीच्या गळ्यात घातली होती, आणि बर्फी संपली म्हणून गोलूने तिला बक्षीस म्हणून रिंगच देऊन टाकली होती. तेव्हापासून ती रिंग कडं म्हणून तिच्या उजव्या हातात होती. आंघोळीलाही काढत नसे.

"श्वेता, ते कडं दे ना," माया म्हणाली.

"नाही."

"बर्फीचा अख्खा डबा देते."

"डबा दे. कडं नाही देत."

"माझे रंगीत खडू?"

श्वेताने विचार केला. "तू रडून राहिली का?"

"नाही," माया म्हणाली, आणि मग खरंच रडली. जे दुकानात बोलता आलं नाही ते तिने त्या पाच वर्षांच्या मुलीला सगळं सांगितलं: कडं काय आहे, काका कोण आहेत, आणि ओरडलं कोण. श्वेताने सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे केला. "काढ. पण साबण लावून. दुखते."

मंगळवारी सकाळी माया आईसमोर उभी राहिली. चारही रिंगा ताटलीत होत्या. आईने रिंगा पाहिल्या, मायाचे सुजलेले डोळे पाहिले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एक रिंग उचलून बोटांत फिरवली. मग म्हणाली, "दुकानात मी सांगू?"

"नको. ओरडले मी होते."

आईने किल्ली उचलली. मामाने नवी चाकं गाडीत टाकली.

दुकानात रविवारसारखीच गर्दी होती. बळीराम काका सायकलच्या कॅरिअरला एक जुनी लोखंडी पेटी दोरीने बांधत होते. मायाचे पाय दुकानाच्या पायरीशी थबकले. केशवशेठला बाजूला बोलावून हळूच सांगता आलं असतं. ते सोपं होतं. पण रविवारी ती हळूच बोलली नव्हती!

ती मधोमध जाऊन उभी राहिली.

"सगळ्यांनी ऐका!" तिचा आवाज स्टेअरिंगसारखा थरथरला. "रविवारी मी इथे बळीराम काकांवर ओरडले. ते खोटं होतं. काकांनी काम बरोबर केलं होतं. रिंगा त्यांनी हरवल्या नाहीत. मी घेतल्या होत्या, खेळायला. काल मला ते कळलं, तरी मी गप्प बसले." तिने रिंगा गल्ल्यावर एकेक करून ठेवल्या. "काका, माझं चुकलं."

मग प्रीतम पुढे आला. "मी पण होतो."

"मी पण," गोलू म्हणाला. "आणि नाग नदीची आयडिया माही होती."

"कोणती आयडिया?" आईने विचारलं.

"काही नाही काकू."

बाकावर हशा पिकला. मामाने घसा साफ केला. "मी डबे बघितलेच नाहीत, आणि 'सगळं आणलं' म्हणून मोकळा झालो. माफ करा काका."

आता सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या. केशवशेठने गल्ल्यावरच्या रिंगा पाहिल्या, मग त्या बारा वर्षांच्या मुलीकडे पाहिलं. ते खाली उतरले, सायकलजवळ गेले आणि पेटीची दोरी स्वतःच्या हाताने सोडायला लागले. गाठ पक्की होती, वेळ लागला. "बळीराम, तू सांगितलं होतं भोक मोठं आहे म्हणून," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मीच म्हटलं, कस आणि सोड. चुकलो गा."

बळीराम काका गल्ल्याशी आले. त्यांनी एक रिंग उचलली, उजेडात धरून कड तपासली, आणि मायाच्या हातात दिली. सोबत फडकं दिलं.

"पहिले हब पूस. खडा, गंज, काही राहिलं नाही पाहिजे. नाही तर रिंग असूनही चाक थरथरते."

मायाने हब पुसला. रिंग आत ढकलली. टक्! काकांनी चाक टेकवलं, ते आपोआप जागेवर बसलं. फट उरलीच नाही.

चारही चाकं लागली. आउटर रिंग रोडवर बाटली पुन्हा काचेखाली आडवी झाली. साठ. सत्तर. ऐंशी! आईने बोटं जरा सैल केली. पाण्यावर साधी रेघही उठली नाही.

"बसलं!" गोलू किंचाळला.

"जिनं हरवलं, तिनंच शोधलं," बळीराम काका आईला म्हणाले. "आणि चार लोकांसमोर सांगितलं. असं मोठ्या माणसाले जमत नाही, बाई." आईने आरशातून मायाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. "आता रविवारी नवेगाव. काका, तुम्हीही चला."

मायाचे कान पुन्हा तापले. शाबासकी तिला अजून घेता येत नव्हती.

दुकानापाशी गाडी थांबली तेव्हा प्रीतमने खिशातून एक कागदी विमान काढलं. "ताई, हे राहिलं. रिंगेसंगं आलं होतं. मी बनवलं होतं."

मायाने विमान हातात घेतलं. एक पंख उलगडला, मग दुसरा. कागद मांडीवर ठेवून तिने अंगठ्याने घड्या सपाट केल्या. चाक बसवण्यापूर्वी वाचा, असं वर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "तूपण बस इथे."

आणि तिने तो कागद मोठ्याने वाचायला सुरुवात केली, अगदी पहिल्या ओळीपासून.